पद्मिनी चढाला गचके खाते, अर्धा चोक ओढला की सुधारते. नेमकं कुठं बघू?

राजारामपुरीची पद्मिनी

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण अर्धी माहिती देऊन तुमचा वेळ घालवायचा नाही म्हणून सगळंच लिहिते.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८८ चं मॉडेल. इंजिन १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर, हवा-पेट्रोल मिसळून देणारा सोलेक्स कार्बोरेटर, डेल्कोत, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्यात, अजून पॉइंट आणि कंडेन्सर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नवी घेतली तेव्हा मी पहिलीत होते. आबा शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारे, होते. लाकडावर रंधा मारून मारून त्यांची बोटं अशी झालीत की अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा डोळे मिटून सांगतात. आता त्यांचं वय ७९. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. दुचाकीवर बसणं बंदच आहे आणि भावाच्या नव्या गाडीत खाली वाकून शिरायला त्यांना त्रास होतो. पद्मिनीत ते स्वतः दार उघडून, छताची कड धरून, कुणाचा हात न घेता बसतात. महिन्यातून दोन रविवार जोतिबाला जायचं ते याच गाडीतून.

जून ते सप्टेंबर गाडी जवळजवळ जागेवरच होती. टाकीत पाव टाकी पेट्रोल तसंच राहिलं. दसऱ्याला धुतली, पूजा केली, रंकाळ्याला एक चक्कर मारली, आणि तेव्हापासून हे सुरू आहे.

शहरात स्लो, म्हणजे पाय न दाबता इंजिन चालतं ते, सुरेख आहे. सिग्नलला उभी राहिली तर बंद पडत नाही, आवाज एकसारखा. शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या फाट्यापर्यंतही तक्रार नाही. केर्लीतून आत वळून कुशिऱ्याच्या पुढं चढ लागला, की तिसऱ्या गिअरमध्ये ३५-४० च्या वेगाला पाय दाबल्यावर आधी एक पोकळी येते. म्हणजे पाय खाली जातो आणि गाडीला काहीच कळत नाही. मग एक गचका, लगेच दुसरा, आणि बॉनेटखालून ‘फट्’ असा आवाज. हा आवाज सायलेन्सरचा नाही, पुढूनच येतो. पाय सोडून पुन्हा अगदी हळू दाबत नेला तर रडत रडत चढते. मागच्या रविवारी मधल्या वळणावर बंदच पडली. मागं वडापची जीप हॉर्न मारतेय, शेजारी आबा दांडी घट्ट धरून बसलेत, आणि हँडब्रेक ओढून मी सेल्फ मारतेय. मला माझी नाही, त्यांची भीती वाटली.

दोन गोष्टी मी स्वतः पाहिल्यात. चढाला गचके सुरू झाले की चोकचा दांडा अर्धा ओढला तर गाडी ताबडतोब सरळ चालते. ढकलला की पुन्हा तेच. आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पूर्वी दोन सेल्फमध्ये लागायची, आता दहा-बारा लागतात. दुपारी लगेच सुरू होते.

आतापर्यंत चारी प्लग नवे, एअर फिल्टर नवा, पेट्रोल फिल्टर नवा. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला, स्क्रू फिरवून स्लो बसवून दिला. ३,८०० रुपये झाले. आता तिथं म्हणतात की कार्बोरेटरच बदला. आबांना विचारलं तर ते म्हणाले, “कार्बोरेटरचं नव्हं हे. तिला तहान लागलीया.” त्यांनी गाडीचं काम कधी स्वतः केलं नाही, पण कान पक्का आहे. म्हणून नवा कार्बोरेटर घ्यायच्या आधी इथं विचारते. घरी पान्यांचा सेट आहे, हात काळे करायची तयारी आहे.

गगनबावडा रोड

ताई, माझ्याकडं पद्मिनी होती २०११ पर्यंत. गचके खायला लागली तेव्हा मीही सगळ्यांचं ऐकून मारुती ८०० चा कार्बोरेटर बसवला होता, मधे प्लेट करून. ॲव्हरेज जरा वाढलं, गचके तसेच. शेवटी निघाला कंडेन्सर. तोही नवाच बसवलेला! त्यामुळं माझं एवढंच सांगणं, कार्बोरेटर बदलायची घाई करू नका. ओरिजिनल गेला की परत मिळत नाही.

आणि एक फुकटची टेस्ट करून बघा. चढाला गचके सुरू झाले की गाडी बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी पुढं बरी चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. माझ्या मेव्हण्याच्या ॲम्बेसिडरला तेच होतं. तो बिचारा महिनाभर पंप बदलत बसला होता.

उद्यमनगरचा मिस्त्री

ताई, तुमचं दोनदा वाचलं. सगळं नीट लिवलंय म्हणून मला बी सांगायला सोपं जातंय. मी १९७९ ला उद्यमनगरात ऑइल इंजिनावर हाताखाली लागलो. मग फियाट, ॲम्बेसिडर, जीप, सगळं केलं. आता नजर कमी झालीया, काम पोरगा बघतो, पण डोकं चालतंय अजून.

चोक म्हंजी काय करतो? हवेचं तोंड झाकतो आणि पेट्रोल जास्त ओढाय लावतो. चोक ओढल्यावर गाडी सुदारती म्हंजी तिला पेट्रोल कमी पडतंय, हे पक्कं. तुमचं आबा म्हणत्यात तेच. पुढनं ‘फट्’ वाजतंय ते बी त्याचंच. पेट्रोल कमी असलं की जाळ सावकाश धरतो, व्हॉल्व उघडाय लागला तरी आत जळत असतंय, आणि ते उलटं कार्बोरेटरातनं बाहेर येतंय.

आता कमी का पडतंय? एक तर फालतू हवा कुठनं तरी आत शिरती, न्हाईतर पेट्रोलच पोचत न्हाई. हितं लोक चुकत्यात. मॅनिफोल्डचं, म्हंजी कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या नळीचं, पॅकिंग गेलं किंवा कार्बोरेटरचा स्पिंडल, म्हंजी खालच्या चकतीचा दांडा, झिजून ढिला झाला, तर हवा शिरती, खरं हाय. पण तसं असलं तर सगळ्यात जास्त तरास स्लोला व्हतो. का तर स्लोला खालची चकती बंद असती, इंजिन जीव खाऊन ओढत असतंय, बारक्या फटीतनं बी हवा घुसती. पाय पूर्ण दाबला की चकती उघडती, ओढ कमी व्हती, मग त्या फटीचं काय वाटत न्हाई. तुमचं बरोबर उलटं हाय. स्लो सुरेख आणि चढाला मरण. म्हंजी हवेचा विषय मागं ठेवा, पेट्रोल पोचतंय का बगा. स्लोला चमचाभर लागतंय तेवढं कसंबी मिळतंय, चढाला वाटीभर लागतंय ते न्हाई मिळत.

आणि सकाळच्या दहा-बारा सेल्फांनी माझी खात्री झाली. पेट्रोल पंप पुढं इंजिनला, टाकी मागं. पंप लांबनं ओढून आणतोय. त्या ओढायच्या बाजूला रबरी पाइपला कुठं बारीक चीर पडली, तर थेंबभर बी गळत न्हाई बगा. उलट तिथनं हवा आत ओढली जाती. आपण खाली वाकून बघतोय, फरशी कोरडी, आणि म्हणतोय पाइप चांगला हाय. रातभर उभी राहिली की त्या चिरीतनं हवा शिरून पाइपातलं पेट्रोल माघारी टाकीत जातंय. सकाळी पंपाला पयलं हवा काढाय लागती. ह्याला शंभर गॅरेजं फिरला तरी कार्बोरेटरच साफ करून देत्यात.

घरी कसं बघायचं ते सांगतो. गाडी मोकळ्यावर घ्या, इंजिन गार पायजे. जवळपास देवाचा दिवा, गॅस, बिडी-काडी काय नगं. वाळूची बादली आणि ओलं पोतं हाताशी ठेवा. कॉइलमधनं डेल्कोला जाणारी मधली वायर काढून बॉडीला टेकवून बांधा, म्हंजी ठिणगी पडणार न्हाई. मग पंपाकडनं कार्बोरेटरला येणारा पाइप कार्बोरेटरच्या टोकाला सोडवा, आणि त्याचं तोंड पारदर्शक बाटलीत घाला. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, एका वेळी पाच सेकंद, जास्त न्हाई. पेट्रोल ठोक्यानं आलं पायजे, जाड, बिनबुडबुड्याचं. बुडबुडं आलं तर पंपाच्या अलीकडं, टाकीच्या बाजूला, हवा ओढतोय. काहीच आलं न्हाई तर पंपाचा डायफ्राम, म्हंजी आतला लवचिक पडदा, न्हाईतर टाकीतली जाळी.

दुसरं, पाय दाबल्या दाबल्या जी पोकळी येती म्हणताय, ती मला येगळी वाटती. एअर फिल्टरचं डबडं काढा, इंजिन बंदच ठेवा, बॅटरीचा उजेड कार्बोरेटरच्या नरड्यात पाडा आणि हातानं रेसचा दांडा झटकन ओढा. आत नळीतनं पेट्रोलची बारीक धार त्याच क्षणाला पडली पायजे. ती धार नसली किंवा उशिरा आली तर कार्बोरेटरच्या बाजूचा पंप डायफ्राम कडक झालाय. चार स्क्रू काढले की हातात येतो.

तिसरं पॉइंट बगा. फीलर गेज, म्हंजी फट मापायची पत्री, घालून ०.४ मिलिमीटर ठेवा, तोंडं जळकी असली तर बदला. पाय दाबला की सिलिंडरात दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात ठिणगीला उडी मारायला जड जातंय. म्हणून करंट कमी पडला तरी चढालाच मिसिंग येतं. वरच्या भावानं कंडेन्सरचं सांगितलं ते काय खोटं न्हाई.

एका वेळी एकच काम करा आणि मग गाडी फिरवून बगा. सगळं एकदम बदललं तर काय झालतं ते कळत न्हाई.

राजारामपुरीची पद्मिनी

मिस्त्रीकाका, शनिवारी संध्याकाळी सगळं तसंच केलं. अंगणात गाडी, आबा खुर्ची टाकून शेजारी, भाचा किल्लीवर. कॉइलची वायर आबांनी स्वतः बांधली.

आधी टाकीचं झाकण. ते मोकळं आहे, हवा अडत नाही.

मग बाटली. पहिल्या पाच सेकंदांत नुसतं ‘फुस् फुस्’. दुसऱ्या वेळी पेट्रोल आलं, पण कसं, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतं तसं. फेस आणि मोठे बुडबुडे. तिसऱ्या वेळीही बुडबुडे थांबले नाहीत. आबा पुढं वाकून बघत होते. म्हणाले, “तहान न्हवं का म्हणालो?”

टाकीकडून येणारा लोखंडी पाइप आणि पंप यांच्यामध्ये वीतभर रबरी पाइप आहे. दोन वर्षांपूर्वीच नवा बसवलाय. वरून काळाभोर, तुकतुकीत, कुठं ओल नाही. क्लिप सैल केली आणि ओढला, तर टोकाशी वाकवल्यावर रबर उलगडून चीर दिसली. सोडून दिलं की चीर मिटते, काही दिसत नाही. आबांनी तो पाइप मागून घेतला, त्यांच्या जुन्या पॅटर्नच्या पेटीतली सुरी काढली आणि उभा चिरून पुस्तकासारखा उघडला. आतली बाजू मी आयुष्यात विसरणार नाही. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ फुटतो तशा भेगा, इकडून तिकडं जाळं झालेलं. बोट फिरवलं तर शाईसारखं काळं लागलं. पंपाची टोपी उघडली तर जाळीवरही तोच काळा चुरा, चिमूटभर.

नरड्यात बॅटरी मारून बघितलं. रेसचा दांडा ओढल्यावर दोन थेंब, तेही नळीच्या टोकाशी जरा थांबून पडले. धार नाहीच.

पॉइंटचं अंतर पाव मिलिमीटरवर आलं होतं, ते ०.४ केलं. प्लग काढून बघितले, चारीचं पांढरं पोर्सिलिन खडूसारखं कोरडं पांढरं.

पॉइंटचं अंतर शनिवारीच झालं होतं, ते सोडलं तर रविवारी फक्त पाइप बदलला, तुम्ही म्हणालात तसं एकच काम. बाटलीची टेस्ट पुन्हा केली, दुसऱ्या सेल्फला घट्ट धार, एक बुडबुडा नाही. वाघबीळपर्यंत जाऊन आले. चढाचे गचके ऐंशी टक्के गेले. पाय झटकन दाबल्यावरची पोकळी मात्र अजून तशीच आहे. डायफ्राम कुठं मिळेल? आणि दोन वर्षांत पाइप असा कसा होतो? पहिला पाइप तर पंधरा वर्षं टिकला होता.

कागलकर

ताई, पाइपाच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकतो. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत काम करतो. आपल्या भागातल्या उसाच्या मळीतून आणि रसातून निघणारं इथेनॉलच पेट्रोलमध्ये जातं. देशात सरासरी १० टक्क्यांचं मिश्रण २०२२ मध्ये गाठलं आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं. १९८८ च्या गाडीतलं रबर आणि बाजारात खुला मिळणारा साधा काळा पाइप या २० टक्क्यांसाठी बनलेला नसतो. इथेनॉल रबरात शिरतं, ते फुगवतं, त्यातला मऊपणा देणारा भाग बाहेर काढतं. गाडी चार महिने उभी राहिली की पाइप अर्धा रिकामा होऊन सुकतो आणि मग तडकतो. तुमच्या आबांनी चिरून दाखवलं ते हेच. डायफ्रामही त्याच कारणानं कडक झाला असणार.

इथेनॉलच्या बाजूनं मी रोज उभा असतो, माझं घर त्यावर चालतं, आणि ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे. पण जुन्या गाडीवाल्यानं रबर बदललंच पाहिजे, हे कुणी पंपावर सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पाइप घेताना फ्युएल इंजेक्शनचा मागा. त्यावर ‘जे३० आर९’ असं छापलेलं असतं. त्याला आतून वेगळ्या रबराचा थर असतो, तो इथेनॉलला टिकतो. महाग असतो, पण तुम्हाला वीतभरच लागतो. आता बसवलेला साधा असेल तर तोही बदला. टाकीजवळचा तुकडा विसरू नका, तिथंही रबर असतं.

दुसरं, टाकीतलं जुनं पेट्रोल. इथेनॉल पाणी धरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाव भरलेल्या टाकीत उरलेली तीन हिस्से दमट हवा असते. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. पंप तळातूनच ओढतो. टाकीचा खालचा बोल्ट उघडून लिटरभर काचेच्या बरणीत काढा आणि अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळं काढून टाका.

मिश्रणात इथेनॉल किती आहे तेही घरी कळतं. १०० मिलीच्या मोजनळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून, तोंड बंद करून हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० चा साधारण २८ मिली झाला तर २० टक्के आहे.

आणि प्लग पांढरे येण्यामागं थोडा हिशोब हाही आहे. नुसत्या पेट्रोलला वजनानं एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. २० टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे कार्बोरेटरमधला तोच जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोकाचं बारकं बूच, ठेवला तर मिश्रणात सुमारे ८ टक्के पेट्रोल कमी पडतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा भोकाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा १२५ चा आहे. १३० चा घातला तर भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढतं. हिशोब अगदी जुळतो. पण हे सगळ्यात शेवटी, बाकीचं बरोबर झाल्यावर. जुना जेट सुईनं किंवा ड्रिलनं मोठा करू देऊ नका कुणाला.

उद्यमनगरचा मिस्त्री

कागलकर सायबांनी लई चांगलं सांगितलं. जेटचं शेवटीच, मी बी तेच म्हणतो.

डायफ्राम जुना हातात घिऊन जुन्या स्पेअरच्या दुकानात जावा. जीपला बी सोलेक्सच यायचा, त्याचा बसतोय का ते भोकाला भोक लावून बगा. दांड्याची लांबी बी मापा, नुसतं भोक जुळलं म्हणून घेऊ नगा. घ्यायच्या आधी बोटानं दाबून बगा, पोळीसारखा मऊ पायजे. पापडासारखा असला तर तिथंच ठेवा, लई वर्षं दुकानात पडून असतोय.

बसवताना स्क्रू आधी चारी सैल लावा, रेसचा दांडा पूर्ण दाबून धरा, आणि मग समोरासमोरचे आवळा. न्हाईतर डायफ्राम ताणून बसतो आणि धार छोटी पडती.

राजारामपुरीची पद्मिनी

पंधरा दिवसांनी लिहितेय, कारण सगळं एकेक करूनच केलं.

टाकीतून बरणीत काढलेलं पेट्रोल रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला बोटभर जाडीचा वेगळा थर होता. बरणी हलवली की तो थर तेलासारखा संथ हलायचा आणि परत खाली बसायचा. सगळं काढलं, टाकीतली जाळी धुतली, ताजं पेट्रोल घातलं.

दोन्ही ठिकाणचे रबरी पाइप आर९ चे बसवले. लक्ष्मीपुरीत दोन दुकानं फिरावी लागली. पहिल्यानं “सगळं सारखंच असतंय ओ” म्हणून साधाच पुढं केला. आबा सोबत होते, त्यांनी चष्मा लावून पाइपावरची छापील ओळ वाचली आणि परत दिला.

डायफ्राम जीपचाच बसला. दुकानदारानं तीन काढून दाखवले, दोन पापड होते. काका, तुमचा शब्दच वापरला मी दुकानात. जुना काढला तेव्हा त्याला मधोमध नखाएवढी घडी पडली होती आणि घडीवर चीर. तुम्ही सांगितलं तसा दांडा दाबून धरला, तो आबांनी धरला, आणि मी समोरासमोरचे स्क्रू आवळले. मग फिल्टर काढून नरड्यात बॅटरी मारली आणि दांडा ओढला. केसाएवढी बारीक, चांदीच्या तारेसारखी सरळ धार त्याच क्षणाला चकतीच्या कडेला आपटली. मी ती सहा-सात वेळा ओढून बघितली. आबा म्हणाले, बास कर, पेट्रोल महाग हाय.

गॅरेजमध्ये स्लोचा स्क्रू बराच बाहेर काढून ठेवला होता. स्लो चांगला का होता ते आता कळलं, कमी पडणारं पेट्रोल तिथं जास्तीचं देऊन झाकलं होतं. इंजिन गरम करून स्क्रू हळूहळू आत नेला, गडबड सुरू झाली तिथून परत बाहेर, जिथं आवाज सगळ्यात मोकळा झाला तिथं ठेवला. पहिल्यापेक्षा जवळजवळ एक फेरा आत आला.

काल रविवारी जोतिबाला गेलो. केर्लीतून वळल्यावर मी चोकच्या दांड्यावर हात ठेवूनच चालवत होते. सवय झाली होती. कुशिरं गेलं, पहिलं वळण आलं, तिसऱ्यात पाय दाबला. पोकळी नाही, गचका नाही. ज्या वळणावर बंद पडली होती तिथं मुद्दाम पाय सोडून परत झटकन दाबला. गाडी पुढं गेली, बस. आबा काही बोलले नाहीत, पण दांडीवरचा हात त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. वर पोचल्यावर गुलाल-खोबरं बॉनेटवर ठेवून मगच देवळाकडं निघाले.

सकाळी आता दोन सेल्फमध्ये सुरू होते. चार दिवस उभी असली तर तीन.

एक बारीक गोष्ट राहिलीय. हायवेला ७० च्या पुढं पाय स्थिर ठेवला की किंचित, अगदी किंचित, हिसका जाणवतो. प्लग आता खडूसारखे नाहीत, पण पाहिजे तसे बदामीही नाहीत, फिकट आहेत. माझा मेन जेट १२५ चाच निघाला. १३० चा मागवू का?

उद्यमनगरचा मिस्त्री

मागवा. पण तो येईपर्यंत १२५ वरच अजून दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि प्लग परत बगा. नव्या पाइपानं रंग बदलायला येळ लागतोय. जेट घातल्यावर हायवेलाच चाचणी घ्या, ७० ला चालवून तिथंच इंजिन बंद करा, क्लच दाबून कडेला उभी करा आणि लगेच प्लग काढा. स्लोवर घरापर्यंत आणला की रंग खोटा दिसतो. गरम असतोय, फडकं घिऊन धरा.

आणि पंपाची जाळी महिन्यानं एकदा उघडा. जुन्या पाइपाचा चुरा लोखंडी पाइपात अजून बसला असंल, तो हळूहळू येत ऱ्हातो. लई आला तर गाडी हिकडं उद्यमनगरात आणा, आबास्नी बी घिऊन या. लोखंडी पाइप सोडवून कॉम्प्रेसरची हवा मारून देतो.